खंडेनवमीच्या दिवशीची टिक

"मॅडम, गेटवर एक आजी आल्यात. हातात गवताची पेंढी आहे. फवाऱ्याच्या मॅडमला बोलवा म्हणतात."

सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. तो तसाच झाकला आणि गेटवर गेले.

आजी म्हणजे हौसाबाई. आमच्या कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं एक एकर रान आहे. बाकीची जमीन एमआयडीसीत गेली. मुलांनी खोल्या बांधल्या, भाडी सुरू झाली, घरापुढं दोन गाड्या आल्या. हौसाबाईंनी मात्र चार गाई आणि त्यांच्यासाठी एक एकर लसूणघास राखला होता. मुलं म्हणायची, आता कशाला शेणात हात घालतेस? त्या म्हणायच्या, मग दिवसभर काय टीव्ही बघू?

त्यांनी पेंढी माझ्यापुढं धरली. "ह्ये बघ बाई. काय झालंय ते सांग. तीन दिस झालं तुमचा फवारा येऊन गेल्याला."

घासाचे देठ पिळल्यासारखे वळले होते. शेंडे खाली झुकलेले, पानं द्रोणासारखी मुडपलेली. रोगानं असं होत नाही. पाणी कमी पडलं तरी असं होत नाही. शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालाही हे ओळखता येईल. मला पेंढी हातात घ्यायच्या आधीच कळलं होतं.

मी म्हणाले, "मावशी, बघावं लागेल. रानात येते संध्याकाळी."

सांगायचं ते सगळं मला त्या गेटवरच सांगता आलं असतं. तिथं फक्त एक वॉचमन होता आणि तोही मोबाइल बघत होता.

मी तेव्हा चाकणच्या त्या कंपनीत हॉर्टिकल्चर इनचार्ज होते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात झाडंवाल्या बाईचं काय काम, असं माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. काम भरपूर असतं. मोठ्या कंपनीला आवारातली काही जागा हिरवी ठेवावीच लागते. आमच्याकडे सात एकर लॉन होतं. परदेशी पाहुणे आले की त्यांना आधी लॉन दाखवायचे आणि मग प्लँट. लॉनमध्ये एक रुंद पानाचं तण दिसलं तरी आमच्या ऍडमिन हेडना, गायकवाड साहेबांना, रात्री झोप लागत नसे. माणूस वाईट नव्हता. त्यांना सगळं वेळेवर आणि डोळ्यांना दिसेल असं हवं असायचं, आणि मीही हळूहळू तशीच झाले होते.

सात एकरांवर पाठीवरच्या पंपानं फवारणी करायची तर माणसांचं कंबरडं मोडतं. म्हणून मिनी ट्रॅक्टरला मागं जोडायचा स्प्रेअर घ्यायचं ठरलं. हे यंत्र समजायला सोपं आहे. एक टाकी, एक पंप आणि दोन्ही बाजूंना पसरणारा लांब दांडा. दांड्याला बूम म्हणतात. बूमवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर नोझल असतात, म्हणजे औषधाचा फवारा काढणाऱ्या तोट्या. ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा एक दांडा असतो, पीटीओ म्हणतात त्याला, त्याच्यावर पंप चालतो. ट्रॅक्टर चालू असल्याशिवाय पंप चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

डीलरनं दोन मॉडेल आणून दाखवली. टाकी दोन्हींची सारखीच, चारशे लिटर. एकाचा बूम आठ मीटरचा, आणि त्याला साध्या पाण्याची वेगळी छोटी टाकी होती. फवारणी संपली की एक खटका फिरवायचा, ते पाणी पंपातून, पाइपातून, नोझलमधून निघून जातं आणि यंत्र आतून धुतलं जातं. दुसऱ्याचा बूम बारा मीटरचा. त्याला ती छोटी टाकी नव्हती.

आमचे ऑपरेटर सोपानभाऊ. हौसाबाईंचे पुतणे, त्याच गावचे. वयानं माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. ट्रॅक्टरवर बसून आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे. त्यांनी बारा मीटरच्या बूमभोवती एक चक्कर मारली, टोकाच्या बुचावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हा नको. ह्येच्या पोटात औषध राहनार. हितं टोकाला पानी पोचतच न्हाई."

"धुवायचं की आपण नीट."

"धुवायला टाइम कोन देनार?"

मी हसले. बारा मीटरचा बूम घेतला तर सात एकर एका दिवसात होत होतं, आठ मीटरचा घेतला तर दीड दिवस. गायकवाड साहेबांना शनिवारी सुरू करून शनिवारीच संपलेलं हवं होतं. कागदावर मी लिहिलं, 'स्वतंत्र पाण्याची टाकी आवश्यक नाही.' ते वाक्य माझं आहे.

सोपानभाऊंनी मात्र ते यंत्र जीवापाड सांभाळलं. मी शिकवलं त्याच्या दुप्पट त्यांनी केलं. नोझल तुंबलं तर पिन घालायची नाही, भोक मोठं होतं. जुन्या टूथब्रशनं घासायचं. दर महिन्याला प्रत्येक नोझलखाली मापाचा जग धरून एक मिनिट पाणी सोडायचं. एखादं दुसऱ्यांपेक्षा जास्त ओतायला लागलं की ते झिजलं, बदलायचं. पंपाचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर आतला रबरी पडदा फाटून पाणी शिरलंय असं समजायचं आणि पंप तिथंच थांबवायचा. चोवीस नोझलची चोवीस मापं ते खडूनं शेडच्या भिंतीवर लिहून ठेवायचे. मला दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, अकरा नंबरचं खायला लागलंय."

आता खंडेनवमीचं सांगते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. प्रेसपासून ड्रिलपर्यंत सगळं धुऊन पुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. माझ्या घरी ही पूजा नसते, आम्ही बौद्ध. पण कंपनीत सगळ्यांबरोबर मीही उभी राहायची, पेढे वाटायची. त्यात मला कधी अडचण वाटली नाही. रीत अशी की एकदा पूजा झाली की यंत्र त्या दिवशी चालू करायचं नाही. त्याला विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला कामाला सुरुवात. सीएनसी मशीनवरचा इंजिनीअरसुद्धा पूजेनंतर बटणाला हात लावत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लॉनवर तणनाशक मारलं होतं. हे औषध गवताला काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मारतं. लॉन म्हणजे गवत, ते वाचतं. मधलं तण वळून, पिळवटून मरतं. औषध तेलकट असतं, रबरी पाइपांना आतून चिकटून राहतं. नुसत्या पाण्यानं निघत नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून, पंप फिरवून, रात्रभर भिजवून ठेवावं लागतं, मग नोझल काढून दोनदा साध्या पाण्यानं. निम्मा दिवस सहज जातो.

खंडेनवमीला सकाळी आठला सोपानभाऊ म्हणाले, "मॅडम, आधी आतनं धुतो. सोडा भरून ठिवतो."

"अकराला पूजा आहे. प्लँट हेड आपल्या शेडमधेपण येणार आहेत. आधी बाहेरून चकाचक करा. आतलं नंतर."

"नंतर कसं? पूजा झाल्यावर चालू करता येनार न्हाई."

"मग दसऱ्यानंतर. पळून जातंय का ते?"

त्यांनी ते बाहेरून असं धुतलं की शोरूमला ठेवावं. टाकीला पॉलिश, बूमला कापड. मग हार, हळदकुंकू, पुढं लिंबू.

शेडच्या दारावर एक चेकशीट लटकलेलं असायचं. यंत्राची रोजची कामं एकाखाली एक, समोर चौकोन, खाली ऑपरेटरची सही. सही सकाळी येतानाच करून ठेवायची, ही सगळ्या प्लँटची सवय. दिवसभरात चौकोन भरत जायचे. साडेदहाला मी शीट बघितलं. सगळीकडे टिक होती, फक्त 'टाकी व पाइप सोडा द्रावणाने भिजवून आतून स्वच्छ' हा चौकोन रिकामा. प्लँट हेडना रिकामा चौकोन लांबूनही दिसतो. सोपानभाऊ नारळ आणायला गेले होते. मी खिशातून पेन काढला आणि टिक केली.

मनात खोटेपणा नव्हता, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. परवा धुतलं जाणारच आहे, मग आज टिक केली तर काय बिघडलं?

प्लँट हेड आले, शीटकडे बघून मान डोलावली, पेढा घेतला आणि गेले.

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून मी आईला घेऊन देहूरोडच्या विहारात गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सोपानभाऊंचा फोन आला, मी अजून निगडीत घरीच होते.

"मॅडम, काकीच्या घासावर अळी पडलीय. गायकवाड साहेबांनी नऊचा टाइम दिलाय तिला. पन फवारा आतनं धुवायचाय."

गायकवाड साहेबांनी शेजारधर्म म्हणून हौसाबाईंना शब्द दिला होता, की कंपनीचं यंत्र येऊन फवारून जाईल. चांगलीच गोष्ट. हौसाबाईंनी गाईंसाठी पंधरा दिवसांचा मका आणून ठेवला होता, कारण फवारलेला घास लगेच घालायचा नसतो. फोटो काढायला एचआरची मुलगीपण येणार होती.

मी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"सोड्याचं म्हनाल तर उद्यापर्यंत."

"नऊची वेळ दिलीय हो साहेबांनी. तीनदा साधं पाणी फिरवा, वास येतो का बघा, आणि जा."

ते म्हणाले, "बरं. तुमी म्हनताय तर."

पाणी स्वच्छ निघालं. वासही येत नव्हता. पण अळीच्या औषधात एक साबणासारखा भाग असतो, तो पाण्यात तेल मिसळवतो. ते औषध टाकीत पडल्याबरोबर त्यानं पाइपला चिकटलेलं तणनाशक सोडवून घेतलं आणि नोझलमधून बाहेर काढलं. आणि लसूणघास, नाव घास असलं तरी, गवत नाही. तो मेथीच्या कुळातला. रुंद पानांचा.

तर पेंढी बघितल्यावर संध्याकाळी मी रानात गेले. सोपानभाऊ आधीच बांधावर उभे होते. आम्ही दोघं घासातून चाललो. जिथून फवारणी सुरू केली तिथल्या पहिल्या तीन फेऱ्या पार गेल्या होत्या. पुढं पुढं नुकसान कमी होत गेलं होतं, पण बूमच्या दोन्ही टोकांखालचे पट्टे शेवटपर्यंत तसेच, पिळलेले. टोकाच्या बुचात साठलेलं तिथं उतरलं होतं. यंत्र घेताना त्यांनी बोट ठेवलं होतं तीच जागा. ते मला तसं म्हणाले नाहीत.

"मॅडम, वाचंल का?"

"पहिला भाग नाही वाचणार. बाकी कापून टाका, पाणी द्या. गाईंना घालू नका."

"काकी रोज सकाळी एक वाफा कापती. शेवटाला पोचंपर्यंत पहिला परत कापायला येतो. चार वर्सं झाली, खंड न्हाई." ते खाली बसले, एक देठ सरळ करून बघायला लागले. तो परत वळला.

दोन दिवसांनी गायकवाड साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. साहेब, मी, सोपानभाऊ. टेबलावर चेकशीट.

"हे तणनाशक टाकीत राहिलं कसं?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "आतून पूर्ण धुतलं गेलं नव्हतं, सर."

"का?"

सोपानभाऊ म्हणाले, "सायेब, पान्यानं तीनदा धुतलं. सोड्यानं भिजवायला टाइम न्हवता."

"टाइम नव्हता?" साहेबांनी शीट फिरवून त्यांच्यापुढं केलं. "मग हे काय आहे? सोडा द्रावणाने भिजवून स्वच्छ. टिक आहे. खाली सही कुणाची?"

"सही माजीच हाय. पन ती टिक..."

ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पुढचं वाक्य मी बोलणार असं धरून, दार उघडून धरावं तसं त्यांनी ते माझ्यासाठी सोडलं होतं.

मी शीटकडे बघत राहिले.

मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. फार तर साहेब ओरडले असते. फक्त आठवडाभर आधी त्यांनीच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की मॅडमचं डॉक्युमेंटेशन सगळ्यांनी बघून शिका. तेवढ्यासाठी. आणखी दोन सेकंद गेले असते तर मी बोलले असते असं मला वाटतं, पण खात्री नाही. तेवढ्यात साहेब पुढच्या मुद्द्यावर गेले.

"न करता टिक करायची म्हणजे खोटी नोंद. ऑडिटला हे सापडलं तर आपण सगळे गेलो. सोपान, तू उद्यापासून यंत्रावर नाहीस. तुझ्या कॉन्ट्रॅक्टरशी बोलतो, गोडाऊनला काही असलं तर बघतील."

सोपानभाऊ "बरं सायेब" म्हणून उठले. दारात टोपी घातली. गोडाऊनला ते गेलेच नाहीत.

कंपनीनं हौसाबाईंना दीड महिना हिरवा चारा पोचवला. अर्धं रान नांगरून घास परत पेरावा लागला. आमच्या लेखी प्रकरण संपलं. ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये मी पिळवटलेल्या घासाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ऑपरेटरची चूक.' हे लिहिताना आता हात थांबतो. तेव्हा थांबला नव्हता.

गप्प बसण्याचं एक असतं. पहिल्या दिवशी बोलायला एक वाक्य पुरतं. महिन्यानंतर बोलायचं तर आधी महिनाभर का गप्प होते तेही सांगावं लागतं. दर महिन्याला ते आणखी अवघड होत गेलं आणि मी आणखी कामात बुडत गेले.

वर्षानं परत खंडेनवमी आली. नवे ऑपरेटर लातूरकडचे, पन्नाशीचे, मितभाषी. सकाळी शेडमध्ये गेले तर त्यांनी यंत्राला सोडा भरून आदल्या दिवशीच भिजवून ठेवलं होतं आणि आता नोझल काढून ओळीनं मांडत होते.

"लवकर लागलात की कामाला," मी म्हणाले.

"लागावं लागतंय मॅडम. माझ्या आधीचा गडी खोटी टिक मारून घरी गेला म्हणतेत. सगळ्या प्लँटला म्हाईत हाय. आपल्याला न्हाई तसलं नाव घ्यायचं."

मी शेडच्या भिंतीकडे बघितलं. खडूची मापं पुसून चुना मारला होता. चोवीस नोझलची मापं लिहून ठेवणारा माणूस कंपनीत आता फक्त या एका गोष्टीनं ओळखला जात होता, आणि ती गोष्ट त्यानं केलेली नव्हती.

पूजेला थांबले नाही. मागच्या गेटनं निघाले आणि हौसाबाईंच्या गोठ्यात गेले. त्या गाईच्या गळ्यात झेंडूची माळ बांधत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. टिक मी केली, धुवायला वेळ मी दिला नाही, सोपानभाऊंची काही चूक नव्हती.

त्यांनी माळेची गाठ पूर्ण मारली. मग वळल्या.

"वरीस झालं की गं."

"हो."

"वरीसभर कुठं व्हतीस तू? ही भित मधी हाय, नदी न्हाई."

मी त्या भिंतीकडे बघितलं.

"त्यो दुसऱ्याच दिशी आला व्हता माज्याकडं. म्हनला काकी, माज्या हातनं झालं, मला माफ कर. मी म्हनलं, कंपनीचा पगार खातूस आन् घरच्याच घासावर तननाशक मारतूस? परत पायरी चढू नगंस." त्या गव्हाणीच्या कठड्यावर बसल्या. "माघात त्याच्या सोनीचं लगीन झालं. पत्रिका घेऊन आला, दारात ठिवून गेला. मी गेले न्हाई. धा दिसाची व्हती तवा मीच तिला न्हाऊ घालायची. आन् लग्नाला गेले न्हाई. कशापायी? ह्या पाल्यापायी."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुजी गाडी हाय ना? चल. मला एकलीला जायाला त्वांड न्हाई. तुलाबी नसंल. दोगी जाऊ."

सोपानभाऊ गाव सोडून रहाटणीत मेव्हण्याच्या घरी खालच्या दोन खोल्यांत राहत होते आणि सोसायट्यांना पाणी पुरवणारा टँकर चालवत होते. मोशीपासून भोसरीपर्यंत झेंडू घेतलेल्या दुचाक्यांची गर्दी. पुढच्या सीटवर हौसाबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या.

दार त्यांनीच उघडलं. आधी काकीला बघितलं, मग मला. काकीच्या पाया पडले. मला "या मॅडम" म्हणाले, अगदी शेडमध्ये म्हणायचे तसंच. मी खुर्चीवर बसले नाही. जे गोठ्यात बोलले ते परत बोलले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "टिक माजी न्हवती ते मला ठावं असनारच की."

हौसाबाई म्हणाल्या, "मग मला का म्हनलास तुजी चूक म्हनून?"

"काय सांगू मग? सही माजी. यंत्र माज्या हातात. मॅडमचं नाव घेतलं असतं तर तू म्हनली असतीस, वर दुसऱ्यावर ढकलतूय. आन् धुतलं न्हाई त्ये खरंच की. मी न्हाई म्हनून उभं राहायला पायजे व्हतं त्या दिशी."

"तुम्ही 'नाही' म्हणालाच होतात," मी म्हणाले. "दोनदा."

त्यांच्या मिसेसनी पाणी आणून ठेवलं. भिंतीवर सोनीच्या लग्नाचा फोटो होता, घरच्या सगळ्या बायका मुलीभोवती उभ्या. हौसाबाई फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेका बाईवर बोट ठेवत नावं घेत गेल्या, जणू त्या दिवशीची हजेरी आता घेत होत्या. मग त्यांना रडू आलं.

मी निघताना सोपानभाऊ गाडीपर्यंत आले. मी म्हणाले, उद्या सुट्टी आहे, परवा मी साहेबांना लेखी देते, तुम्ही परत या.

"आता नको मॅडम. टँकर बरा हाय. त्यात नुसतं पानीच असतंय." मग म्हणाले, "खरं सांगू का, मी वाट बघितली व्हती. आठ दिस. फोन वाजला की वाटायचं, मॅडमनी सांगितलं असंल. मंग नवव्या दिशी सोनीची आई म्हनली, आता जेवा नीट. तवा सोडून दिली."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेल लिहिली. चार ओळींची. गायकवाड साहेबांनी फोन करून विचारलं, "मॅडम, फाइल बंद झालीय. आता हे कशाला?" मी म्हणाले, बंद फाइलमध्ये चुकीचं नाव आहे. माझ्या नावावर एक ताकीद लागली, तेवढंच. सोपानभाऊंना पत्र गेलं, ते आले नाहीत. हौसाबाईंच्या घरी आता त्यांचं येणंजाणं आहे, पण ते माझ्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही.

आता मी ती नोकरी सोडली आहे. छोट्या कंपन्यांना लॉन आणि यंत्रांचा सल्ला देते. स्प्रेअर घेताना साध्या पाण्याची टाकी असलेलाच घ्या म्हणून सांगते. तणनाशकासाठी शक्यतो वेगळं यंत्र ठेवा. पूजा असेल तर आदल्या दिवशी आतून धुवा. सही काम संपल्यावर करा आणि प्रत्येक टिकेपुढं ज्यानं काम केलं त्याचं नाव लिहा. लोक वहीत उतरवून घेतात. कुणी विचारतं, मॅडम, हे नावाचं इतकं कशासाठी? मग मी त्यांना सांगते की एका खंडेनवमीला एक खोटी टिक मी केली होती, आणि तिच्यापायी एक माणूस आठ दिवस नीट जेवला नव्हता.